मेंदूशिवाय जगता येते का?

झुरळाचे डोके कापले तरी ते आठवडाभर जिवंत राहू शकते, हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी अकरावीच्या एनसीईआरटीच्या जीवशास्त्रात वाचले असेल. झुरळाच्या चेतासंस्थेची माहिती देताना पुस्तक ते सहज सांगून जाते आणि वर्गातही त्यावर थोडे हसून पुढचा मुद्दा सुरू होतो. आपण मात्र त्या वाक्यापाशी जरा थांबू. माणसाच्या मेंदूच्या तळाशी साधारण अंगठ्याएवढा एक भाग असतो. तो पूर्ण निकामी झाला आणि यंत्राची मदत मिळाली नाही, तर काही मिनिटांत मृत्यू येतो. झुरळाला मेंदू आहे, माणसालाही आहे. मग एकाला आठवडा मिळतो आणि दुसऱ्याला काही मिनिटे, असे का?

"मेंदूशिवाय जगता येते का?" या प्रश्नाचे सरळ उत्तर "हो" असे आहे. पृथ्वीवरचे बहुतेक सजीव मेंदूशिवायच जगतात. जीवाणू, बुरशी, वनस्पती यांना मेंदू नाही आणि अनेक प्राण्यांनाही नाही. पण एवढ्या उत्तराने झुरळ आणि माणूस यांतला फरक कळत नाही. त्यासाठी प्रश्न थोडा बदलून विचारावा लागतो. प्राणवायू मिळवणे, अन्न घेणे, ते शरीरभर पोहोचवणे, पाण्याचा समतोल राखणे, धोका टाळणे ही जगण्याची कामे आहेत. एखाद्या शरीरात यांपैकी कोणती कामे मेंदूवर सोपवलेली आहेत आणि कोणती नाहीत, हे पाहायचे. पुढे वाचताना विशेषतः प्राणवायूकडे लक्ष ठेवा.

मेंदू नाहीच, असे सजीव

एश्चेरिशिया कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जीवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीचा आहे. प्राणवायू त्याच्या पेशीपटलातून आपोआप आत झिरपतो, त्यासाठी कोणाच्या आज्ञेची गरज नाही. पण अन्न कोठे आहे ते त्याला शोधावे लागते. त्याच्या अंगावरच्या शेपट्या एका दिशेने फिरल्या की तो सरळ पोहतो, उलट दिशेने फिरल्या की जागीच गिरकी घेऊन भलतीकडे तोंड करतो. शरीर इतके लहान की पुढच्या आणि मागच्या टोकाशी साखर किती आहे याची तुलना करून त्याला फारसा उपयोग नाही. म्हणून तो काळाची तुलना करतो. आता साखर किती आहे आणि काही सेकंदांपूर्वी किती होती? वाढत असेल तर गिरक्या कमी घ्यायच्या, घटत असेल तर जास्त. "काही सेकंदांपूर्वी"ची नोंद त्याच्या ग्राही प्रथिनांवर चिकटलेल्या मिथिल गटांच्या संख्येत असते. याला स्मृती म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल, पण तिचे काम स्मृतीचेच आहे.

यापेक्षा अधिक चकित करणारा सजीव म्हणजे फायसॅरम पॉलिसेफॅलम. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर पसरलेला पिवळा चिकट थर तुम्ही कधी पाहिला असेल, तर तो या गटातला असण्याची शक्यता आहे. ही एकच पेशी असते, पण तिच्यात असंख्य केंद्रके असतात आणि ती तळहाताहूनही मोठी पसरू शकते. वर्तमानपत्रांनी तिला "बुद्धिमान बुरशी" असे नाव दिले. त्यातला "बुरशी" हा शब्द तर सरळ चूक आहे, कारण ती अमीबाच्या नातेवाइकांपैकी आहे. २००० साली जपानमध्ये तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती एका छोट्या चक्रव्यूहात वाढवली आणि दोन टोकांना ओटचे तुकडे ठेवले. काही तासांनी तिने बंद वाटांमधून अंग काढून घेतले आणि दोन्ही तुकड्यांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेवर एक जाड नळी उरली. २०१० साली अशाच प्रयोगात टोकियोभोवतीच्या शहरांच्या जागी ओट ठेवले, तेव्हा तिने विणलेले जाळे तिथल्या रेल्वेच्या जाळ्याइतकेच कार्यक्षम निघाले.

हे कसे होते? ज्या नळीतून द्रव जास्त वाहतो ती रुंद होते, ज्यातून कमी वाहतो ती आकसते. एवढ्या एका स्थानिक नियमातून पूर्ण जाळ्याची रचना ठरते. कोणताही भाग पूर्ण नकाशा पाहत नाही. ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आपली सवय उलटी आहे. सुसूत्र वागणूक दिसली की ती चालवणारा कोणीतरी आत बसला असेल असे आपण धरून चालतो.

वनस्पतींबद्दल भारतीय विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. लाजाळूच्या पानाला बोट लावले की विद्युत संदेश देठातून सेकंदाला काही सेंटीमीटर या वेगाने जातो. पर्णिकांच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठींमधल्या पेशी पोटॅशियमचे आयन आणि त्यांच्यामागोमाग पाणी बाहेर टाकतात, एका बाजूच्या पेशी सैल पडतात आणि पान मिटते. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात स्वतः घडवलेल्या नाजूक उपकरणांनी या संदेशांची मोजमापे केली. त्यांनी वनस्पतींना "चेता" असल्याची भाषा वापरली आणि ती त्यांच्या काळी अनेकांना रुचली नाही. आज आपण असे म्हणू शकतो की विद्युत संदेश खरे ठरले, पण प्राण्यांतल्या चेतापेशींसारखी रचना वनस्पतींत नाही. व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी वनस्पतीतील विद्युत संदेश तर ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन बर्डन-सँडरसन यांनी १८७३ सालीच नोंदवला होता. हे झाड मोजतेही. आतल्या केसाला एकदा धक्का लागला तर पान मिटत नाही. सुमारे अर्ध्या मिनिटाच्या आत दुसरा लागला तरच मिटते आणि धक्क्यांची संख्या पाचच्या आसपास गेली की पाचक विकरे तयार होऊ लागतात. पहिल्या धक्क्याने पेशींतले कॅल्शियम वाढते, पण मर्यादा ओलांडण्याइतके नाही, आणि ते हळूहळू ओसरते. दुसरा धक्का लवकर आला तर मर्यादा ओलांडली जाते. मोजणी म्हणजे एवढेच.

मेंदू नसलेले प्राणी

प्राण्यांत सर्वांत साधे उदाहरण स्पंजाचे. त्याला एकही चेतापेशी नाही. शरीरातल्या असंख्य पेशी आपापल्या शेपट्या हलवून पाण्याचा प्रवाह चालू ठेवतात. त्याच प्रवाहातून प्राणवायू आणि अन्न दोन्ही मिळते.

हायड्रा आणि जेलीफिश यांना चेतापेशी आहेत, पण त्या जाळ्यासारख्या अंगभर पसरलेल्या असतात. जाळ्याला मध्यवर्ती कचेरी नसते. तरीही त्यांच्या वागण्यात काय काय सापडते ते पाहा. कॅसिओपिया ही जेलीफिश उलटी होऊन उथळ समुद्राच्या तळाशी पडून राहते आणि छत्री मिटत-उघडत असते. २०१७ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील तीन विद्यार्थ्यांनी दाखवले की रात्री तिची ही धडधड सुमारे एक तृतीयांशाने मंदावते, तिला डिवचले तर ती उशिरा प्रतिसाद देते आणि रात्रभर पाण्याचे झोत सोडून जागे ठेवले तर दुसऱ्या दिवशी सुस्त पडते. झोपेच्या शास्त्रीय व्याख्येत हे सगळे बसते. म्हणजे झोप ही मेंदूची गरज म्हणून सुरू झाली असे म्हणणे अवघड झाले.

त्यानंतर २०२३ साली ट्रायपेडालिया सिस्टोफोरा या बोटाच्या नखाएवढ्या पेटीच्या आकाराच्या जेलीफिशवरचा अभ्यास आला. ती खारफुटीच्या मुळांमध्ये शिकार करते आणि तिला २४ डोळे असतात. करड्या पट्ट्या रंगवलेल्या गोल भांड्यात तिला सोडले. दूरच्या मुळांसारख्या दिसणाऱ्या त्या पट्ट्यांवर ती सुरुवातीला आदळत राहिली. साडेसात मिनिटांच्या शेवटी तिच्या धडका निम्म्यावर आल्या होत्या. आदळण्याचा स्पर्श आणि डोळ्यांना दिसलेले दृश्य यांची सांगड घालून ती शिकली होती. हे शिकणे छत्रीच्या कडेला असलेल्या चार छोट्या ज्ञानेंद्रियांमध्ये होते आणि अशा प्रत्येक ठिकाणी हजारेक चेतापेशी असतात.

तारामाशाचे थोडक्यात सांगतो. तोंडाभोवती चेतातंतूंचे एक कडे आणि प्रत्येक भुजेत एक दोर, एवढीच त्याची व्यवस्था. ज्या भुजेला अन्नाचा वास आधी लागतो ती पुढाकार घेते आणि बाकीच्या मागे येतात. "सी स्क्वर्ट आपला मेंदू स्वतःच खातो" ही गोष्टही तुम्हाला ऐकायला मिळेल. या प्राण्याच्या पोहणाऱ्या डिंभाला एक छोटा मेंदू असतो. खडकाला चिकटल्यावर रूपांतर होताना शेपटी आणि डिंभाच्या चेतासंस्थेचा बराच भाग विरघळून जातो हे खरे. पण प्रौढ प्राण्यात नवा चेतापेशींचा गुच्छ तयार होतो, ही दुसरी अर्धी बाजू गोष्ट सांगणारे गाळतात.

झुरळाचा आठवडा

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे येऊ. आतापर्यंतच्या सजीवांना मेंदू नव्हताच. झुरळाला तो असतो आणि आपण तो काढून टाकतो. हा प्रश्न वेगळा आहे.

झुरळाच्या छातीत तीन आणि पोटात सहा चेतागुच्छ असतात. चेतागुच्छ म्हणजे चेतापेशींची एक लहानशी गाठ. चालणे, पाय झटकणे, अंगावर वाऱ्याची झुळूक येताच पळणे यांची जुळवाजुळव मुख्यतः इथे होते. म्हणून बिनडोक्याचे झुरळ उभे राहते, ढकलले तर चालते.

पण ते जगते ते त्यामुळे नव्हे. जगण्याचे कारण त्याच्या श्वसनात आहे. झुरळाच्या बाजूला श्वासरंध्रांच्या दहा जोड्या असतात. तेथून हवा नलिकांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत जाते. श्वास नाकातून किंवा तोंडातून येत नाही आणि प्राणवायू वाहून नेण्याचे काम रक्ताकडे नाही. श्वासरंध्रांची उघडझाप त्या त्या खंडातले चेतागुच्छ सांभाळतात. दुसरे कारण रक्ताभिसरणाचे. आपल्या धमन्यांत रक्त मोठ्या दाबाखाली असते, म्हणून मान कापली की ते उसळून बाहेर येते. झुरळाचे रक्ताभिसरण खुले आहे, दाब अगदी कमी, त्यामुळे जखमेवर गुठळी धरते आणि रक्तस्राव थांबतो. तिसरे म्हणजे ते शीत रक्ताचे असल्याने शरीर तापवण्यावर ऊर्जा खर्च करत नाही. एका जेवणावर ते कित्येक दिवस काढू शकते. शेवटी ते मरते ते तोंड नसल्यामुळे, म्हणजे पाणी न मिळून, किंवा जखमेत बुरशी शिरून.

एड्रियन हॉरिज यांनी १९६२ साली याच्याही पुढची गोष्ट दाखवली. त्यांनी डोके काढलेले झुरळ खाऱ्या पाण्याच्या भांड्यावर टांगले. पाय खाली येऊन पाण्याला टेकला की विजेचा हलका झटका बसे. काही वेळाने त्या झुरळाने पाय वर धरून ठेवायला सुरुवात केली. त्याच्या जोडीच्या दुसऱ्या झुरळाला तितकेच झटके दिले, पण पाय कोठेही असताना. ते काही शिकले नाही. थोडक्यात, छातीतला चेतागुच्छ स्वतः शिकू शकतो.

मग झुरळाचा मेंदू करतो काय? याचे उत्तर एका गांधीलमाशीने दिले आहे. दक्षिण आशियातही आढळणारी हिरवी चकचकीत अँप्युलेक्स कॉम्प्रेसा झुरळाच्या डोक्यातील चेतागुच्छांत नेमका डंख मारते. झुरळ लुळे पडत नाही. त्याचे पाय शाबूत असतात, पण आपण होऊन चालायला सुरुवात करण्याची इच्छाच जाते. माशी त्याची मिशी धरून त्याला गाईसारखे बिळाकडे ओढत नेते आणि ते निमूट चालत जाते. कधी निघायचे, कोठे जायचे, कशाकडे दुर्लक्ष करायचे, ही मेंदूची कामे. त्यांच्याशिवाय ते फार काळ टिकणार नाही, पण मिनिटांत मरणारही नाही.

बेडूक, कोंबडा आणि कुत्रा

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत चित्र बदलू लागते, पण एकदम नाही. १८५३ साली जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडुआर्ड फ्ल्यूगर यांनी डोके काढलेल्या बेडकाच्या मांडीवर आम्लाचा थेंब टाकला. बेडकाने त्याच बाजूच्या पायाने तो पुसला. तो पाय कापल्यावर बेडकाने थोडी धडपड केली आणि मग दुसऱ्या पायाने पुसले. फ्ल्यूगर यांनी यावरून निष्कर्ष काढला की मेरुरज्जूलाही जाणीव असते. हेरमान लोत्से यांनी विरोध केला आणि हा वाद बराच गाजला. आज आपण या हालचालींना प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो. मेरुरज्जूतल्या चेतापेशींची जोडणीच अशी आहे की त्वचेवरच्या जागेनुसार योग्य स्नायू हलतात. हे उदाहरण विसरू नका. शेवटी त्याची गरज पडणार आहे.

हा बेडूक काही काळ जिवंत का राहतो? पुन्हा प्राणवायू. फुप्फुसांत हवा ढकलण्यासाठी बेडकाला घशाचे स्नायू आणि त्यांना आज्ञा देणारा मेंदू लागतो, पण त्याची ओलसर त्वचाही वायूंची देवाणघेवाण करते. थंड हवेत एवढे पुरते.

कोंबड्याला अशी त्वचा नाही. तरीही अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या फ्रूटा गावी १० सप्टेंबर १९४५ रोजी लॉइड ओल्सन या शेतकऱ्याने कापलेला एक कोंबडा मेला नाही. त्याचे नाव माइक पडले. ड्रॉपरने घशात दूध-पाणी आणि दाणे घालून त्याला दीड वर्ष जगवले आणि गावोगावच्या प्रदर्शनांत मिरवले. १९४७ च्या मार्चमध्ये घशात काही अडकून तो मेला. ही गोष्ट "मेंदूशिवाय जगलेला कोंबडा" म्हणून सांगितली जाते आणि ते चूक आहे. कुऱ्हाडीचा घाव वर बसला होता. एक कान आणि मस्तिष्क स्तंभाचा बहुतेक भाग धडाबरोबर राहिला होता आणि गुठळीमुळे रक्तस्राव थांबला होता. पक्ष्याचा मेंदू कवटीत मागे झुकलेला असल्याने हे शक्य झाले. घाव थोडा खाली बसला असता तर माइक त्याच दिवशी ओल्सन यांच्या ताटात गेला असता.

माइकच्या आधी पन्नासेक वर्षे स्ट्रासबुर्गमध्ये फ्रीड्रिख गोल्ट्झ यांनी हेच शस्त्रक्रियेने दाखवले होते. १८९२ साली त्यांनी प्रमस्तिष्क काढलेल्या कुत्र्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो चालत असे, झोपत आणि जागा होत असे, छेडले तर गुरगुरत असे, तोंडाशी धरलेले अन्न खात असे. मालकाला मात्र ओळखत नसे. प्रमस्तिष्क गेले, पण मस्तिष्क स्तंभ शिल्लक होता.

माणसाचा श्वास

आपल्या शरीरातही बरीच कामे मेंदूच्या आज्ञेविना चालतात. हृदयाच्या उजव्या कर्णिकेतील पेशींचा एक छोटा पुंज आपल्या आपण विद्युत ठोके निर्माण करतो. त्याची स्वतःची गती मिनिटाला सुमारे १०० असते. मेंदूकडून येणारी व्हेगस चेता तिला आवर घालते म्हणून विश्रांतीत ती ७० च्या आसपास दिसते. याचा पुरावा हृदयरोपण झालेल्या रुग्णांत मिळतो. भारतातले पहिले यशस्वी हृदयरोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केले. अशा शस्त्रक्रियेत हृदयाच्या चेता तुटलेल्या असतात, त्या जोडल्या जात नाहीत. तरी नवे हृदय ठोके देते, आणि विश्रांतीतही ते जास्त वेगाने धडधडते. आतड्याच्या भिंतीतही कोट्यवधी चेतापेशींचे स्वतंत्र जाळे आहे. बाहेरच्या चेता तोडल्या तरी अन्न पुढे सरकत राहते, हे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ सालीच दाखवले होते.

श्वासाचे तसे नाही. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत आणि श्वासपटलात हृदयासारखा ठोके देणारा पुंज नाही. श्वासपटल हा हातापायांच्या स्नायूंसारखाच स्नायू आहे. आज्ञा आली तर आकुंचन पावतो, नाही आली तर स्वस्थ पडून राहतो. ही आज्ञा मस्तिष्कपुच्छातून निघते, मानेतल्या मेरुरज्जूतून बाहेर पडणाऱ्या फ्रेनिक चेतेने श्वासपटलापर्यंत येते आणि दिवसातून वीस हजारांवर वेळा येते. १८१२ साली फ्रान्समध्ये लगॅल्वा यांनी सशांच्या मेंदूचे भाग क्रमाने काढत हे केंद्र मस्तिष्कपुच्छात असल्याचे दाखवले. १९९१ साली त्यातला लय निर्माण करणारा नेमका पुंज सापडला. त्याला प्री-बॉट्झिंगर संकुल म्हणतात आणि त्यात जेमतेम काही हजार चेतापेशी असतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की इथली लय वेगवान होते.

झुरळ आणि माणूस यांतला फरक आता दिसतो. आपण उष्ण रक्ताचे, प्राणवायूची गरज मोठी, त्वचेतून तो पुरेसा मिळत नाही, आणि तो आत ओढण्याची एकुलती एक दोरी मस्तिष्कपुच्छाच्या हातात. ती तुटली की हृदय काही मिनिटे धडधडते आणि मग प्राणवायूअभावी थांबते.

दोरी तुटली आणि श्वास बाहेरून दिला, तर काय होते? १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली मुले दगावत होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनळीत नळी घालून रबरी पिशवीने हवा भरण्याची पद्धत सुरू केली. यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशेजारी बसले आणि दिवसरात्र हाताने पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. अतिदक्षता विभागाची सुरुवात तेथून धरतात. त्या रुग्णांची जाणीव शाबूत होती, फक्त श्वासाची आज्ञा पोहोचत नव्हती.

व्हेंटिलेटर आल्यावर उभा राहिलेला प्रश्न

मात्र त्याच यंत्राने एक अशी अवस्था निर्माण केली, जी त्याआधी अस्तित्वातच नव्हती. मेंदू पूर्ण मेलेला, पण यंत्र हवा देत असल्याने हृदय चालू. १९५९ साली फ्रान्सच्या मोलारे आणि गुलाँ यांनी तिचे वर्णन केले, १९६८ साली हार्वर्डच्या समितीने तिचे निकष मांडले. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्क स्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला.

तुमच्यापैकी कोणावरही, एखाद्या अपघातानंतर रुग्णालयाच्या मार्गिकेत उभे राहून, घरच्यांना हे समजावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून दोन अवस्थांमधला फरक पक्का करा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली झालेल्या हल्ल्यात त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर २०१५ पर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात होत्या आणि परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या मेंदूच्या वरच्या भागाचे मोठे नुकसान झाले होते. पण मस्तिष्क स्तंभ काम करत होता, म्हणून त्या स्वतः श्वास घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्या मेंदूमृत नाहीत असे स्पष्ट म्हटले. वर्तमानपत्रांत "कोमा", "ब्रेन डेड" आणि ही अवस्था, हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ते एकच नाहीत.

मस्तिष्क स्तंभाचा मृत्यू ठरवताना चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि अवयव काढणाऱ्या चमूतला कोणी त्यात नसतो. तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. बाहुली प्रकाशाला आकसते का, डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, हे पाहतात. शेवटची तपासणी श्वासाची. आधी पुरेसा प्राणवायू देऊन मग व्हेंटिलेटर काढतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या वर जाईपर्यंत छातीकडे पाहत राहतात. मस्तिष्कपुच्छात काही जरी शिल्लक असेल तरी एवढ्या दाबाला ते गप्प राहत नाही. छाती हलली नाही, तर त्या पेशी आता नाहीत.

याच वेळी कधी कधी रुग्णाचे हात आपोआप वर उचलले जातात, छातीवर येतात आणि परत खाली पडतात. खोलीत नातेवाईक असतील तर त्यांना वाटते की माणूस जागा होतो आहे आणि डॉक्टर घाई करत आहेत. त्यांना ते तसे वाटणारच. १९८४ साली अमेरिकी चेतातज्ज्ञ अ‍ॅलन रॉपर यांनी या हालचालीचे वर्णन केले. बायबलमधल्या मेलेल्या आणि पुन्हा उठलेल्या लाझारसवरून तिला नाव पडले. ती मेरुरज्जूतून येते. यंत्र काढल्यावर मानेतल्या मेरुरज्जूला प्राणवायू कमी पडतो आणि त्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया सुटतात. फ्ल्यूगर यांच्या बेडकाने मांडीवरचे आम्ल पुसले, तेही मेरुरज्जूच्याच बळावर. नातेवाइकांना श्वासाच्या तपासणीपूर्वीच याची कल्पना द्यावी. हात हलल्यावर दिलेले स्पष्टीकरण सारवासारव वाटते.